भोगी ते कर : थर्मल कॅमेऱ्यासह निफाडच्या मळ्यात

पहिला दिवस : पुणे ते निफाड

आमच्या निसर्गनिरीक्षण गटातील अकरा जणांनी वर्गणी काढून गेल्या पावसाळ्यात हातात धरून पाहण्याचा, अंधारातही वस्तूंची उष्णता दाखवणारा एक थर्मल कॅमेरा घेतला, आणि तो कोणाकडे किती दिवस राहिला, कोणत्या अवस्थेत परत आला याची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. जानेवारीत निफाडजवळच्या मामांचा फोन आला. उसाच्या कडेने बिबट्या फिरत असल्याचे वस्तीवर सगळे सांगत होते, आणि शेतीच्या विजेची पाळी त्या आठवड्यात रात्रीची असल्यामुळे गव्हाला पाणी भरायला अंधारातच जावे लागत होते. "तुमचं ते यंत्र घेऊन ये. भोगीच्या आदल्या दिवशी ये, म्हणजे सणही होईल," असे मामा म्हणाले. गटातील एक मैत्रीण आणि मी अशा दोघी निघालो.

संगमनेर-सिन्नरचा रस्ता नेहमीचाच आहे. सिन्नरजवळ जेवायला थांबलो तेव्हा कॅमेऱ्याची पेटी गाडीतून काढून जेवणाच्या टेबलाखाली पायाशी ठेवली. थंडीचे दिवस असले तरी दुपारच्या उन्हात बंद गाडी आतून चांगलीच तापते. कॅमेऱ्यात असतात ते, पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल अशा उष्णतेत वारंवार राहिले तर त्यांची क्षमता कायमची कमी होत जाते आणि सदोष सेल असेल तर धोकाही वाढतो. डिकीत सामानाखाली पेटी दाबून ठेवणे मला त्याहूनही नापसंत आहे, कारण या कॅमेऱ्याची लेन्स साध्या काचेची नसून जर्मेनियम या ठिसूळ पदार्थाची असते. ती पडली किंवा आपटली तर तिचा टवका उडतो, आणि लेन्स बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या कॅमेऱ्याइतका येतो.

आमच्या कॅमेऱ्यात १८६५० या मापाचा सेल बसतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी यांवरून ते नाव पडले आहे. दोन जादा सेल होते आणि प्रत्येक सेल प्लास्टिकच्या स्वतंत्र डबीत होता. सुटा सेल खिशात किंवा पर्समध्ये किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ठेवला तर त्याची दोन्ही टोके धातूने जोडली जाऊन काही क्षणांत भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते, म्हणून डबीशिवाय सेल हलवायचा नाही हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे. विमानाने येणाऱ्यांनी जादा सेल चेक-इन सामानात न देता स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावेत. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सर्वसाधारणपणे अशी नेता येते, आणि ३.६ व्होल्टचा, साडेतीन अँपिअर-तासांचा आमचा एक सेल जेमतेम साडेबारा वॉट-तासांचा आहे.

नाशिकला मिसळ खाऊन, सूर्य मावळताना मामांच्या मळ्यात पोहोचलो. द्राक्षांच्या घडांत साखर भरत होती, कांद्याची लागवड नुकतीच संपली होती, आणि निफाडची ती प्रसिद्ध थंडी अंधार पडताच अंगणात उतरली. जेवणानंतर मामेभावाने मोठ्या उत्साहाने चार्जर घेतला आणि सेल लावून तो पलंगावरच्या गोधडीवर ठेवला. मी तो उचलून फरशीवर, पडद्यापासून लांब, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवला आणि त्याला कारण सांगितले. चार्ज होताना सेल थोडा तापतो, आणि ती ऊब बाहेर पडण्याऐवजी कापसात कोंडली गेली तर तापमान वाढतच जाते. झोपण्यापूर्वी चार्जर बंद केला, कारण रात्री वीज जाते, येताना कधी दाब वाढून येते, आणि घरातले सगळे झोपलेले असतात.

दुसरा दिवस : भोगी

पहाटे पाचला उठून नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेला हा जलाशय १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. चापडगावच्या बाजूला वनरक्षकांना कॅमेरा दाखवला, त्याचा उपयोग सांगितला आणि परवानगी घेऊनच मनोऱ्यावर चढलो. अशा ठिकाणी आधी विचारणे हे सौजन्यही आहे आणि आवश्यकही आहे.

गरम ते पांढरे आणि गार ते काळे दाखवणारी पद्धत मी लावली होती. पाणी काळे दिसेल अशी मैत्रिणीची अपेक्षा होती, पण सगळा जलाशय दुधासारखा उजळ दिसत होता आणि काठचे पाणगवत काळेभोर होते. रात्रभर जमीन आणि गवत झपाट्याने थंड होतात, तर पाण्याने दिवसाची ऊब धरून ठेवलेली असते. हा कॅमेरा प्रकाश टिपत नाही. साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतो, म्हणून त्याच्यातून आपण वस्तूंच्या पृष्ठभागावरील उष्णताच पाहत असतो. त्या उजळ पाण्यावर बदकांचे थवे अंधूक करड्या ठिपक्यांसारखे तरंगत होते. पिसांचे आवरण इतके उत्तम असते की अंगाची ऊब बाहेर येतच नाही, आणि डोके व डोळ्यांची जागा तेवढी चमकते. फटफटल्यावर दुर्बिणीतून पाहिले तेव्हा ती तलवार बदके आणि थापटे असल्याचे कळले. पक्षी ओळखण्याचे काम दुर्बिणीचेच आहे, थर्मल कॅमेरा फक्त कोठे पाहायचे ते सांगतो.

पूर्वेला तांबडे फुटताच मी कॅमेरा बंद करून लेन्सवर झाकण लावले. सूर्याकडे या कॅमेऱ्याने कधीही पाहू नये, आणि कॅमेरा बंद असला तरी उघडी लेन्स सूर्याकडे रोखलेली राहू नये. जर्मेनियमची लेन्स सूर्याची उष्णता एका बिंदूवर एकवटते आणि तो बिंदू थेट आतल्या संवेदकावर, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या भागावर पडतो. संवेदकावरचे सूक्ष्म घटक उष्णतेतील अत्यल्प फरक ओळखण्यासाठीच बनवलेले असतात. तेथे सूर्याचे बिंब उमटले तर डाग राहतो, कधी काही दिवसांनी पुसट होतो आणि कधी कायमचा राहतो. बंद कॅमेऱ्यात संवेदकासमोरची आतली पडदी मिटलेलीच असते असे गृहीत धरता येत नाही. गळ्यात अडकवून फिरताना लेन्स कोणत्या दिशेला झुलते आहे याचे भान राहत नाही, म्हणून मनोऱ्यावरून उतरण्यापूर्वी झाकण लावणे हाच खरा उपाय आहे.

घरी मामींच्या चुलीवर भोगीची भाजी शिजत होती. ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा, बोरे आणि वर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. मैत्रीण कॅमेरा हातात घेऊनच स्वयंपाकघरात शिरणार होती, तिला उंबऱ्यावर थांबवले. चार तास थंडीत राहिलेला कॅमेरा चुलीच्या उबदार, वाफाळलेल्या हवेत नेला की थंड पाण्याच्या तांब्यावर जमते तसे दव लेन्सवर जमते, आणि फटींतून आतही जमू शकते. अंगणातच तो घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घातला, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या आणि मग पिशवी आत नेऊन तास-दीड तास तशीच ठेवली. दव जमले तर ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमते. सेलही लगेच चार्जरला लावला नाही, तो खोलीच्या तापमानाला येऊ दिला. गोठणबिंदूखाली गेलेला लिथियम-आयन सेल तर चार्ज करूच नये, त्याने आतून कायमची हानी होते. निफाडला सहसा इतकी वेळ येत नाही, पण हिमालयात जाणाऱ्या सदस्यांसाठी ही सूचना आमच्या वहीत लाल शाईने लिहिलेली आहे.

रात्री साडेदहाला वीज आली आणि मामा पंप सुरू करायला निघाले. आम्ही गच्चीवरून उसाच्या कडेवर लक्ष ठेवायचे आणि काही दिसले तर फोन करायचा असे ठरले होते. अंगात दोन स्वेटर होते आणि जादा सेल आतल्या खिशात, डबीसह, अंगाच्या उबेत होता. थंडीत सेल नेहमीपेक्षा लवकर उतरल्यासारखा वाटतो. तो मेलेला नसतो, गारठलेला असतो, आणि ऊब मिळाली की पुन्हा थोडा चालतो.

दर थोड्या वेळाने कॅमेऱ्यातून "टक्" असा आवाज येऊन चित्र क्षणभर थिजत असे. मामेभाऊ घाबरून म्हणाला, "ताई, काही तुटलं का?" ती आतली पडदी होती. ती क्षणभर संवेदकासमोर येते, कॅमेरा सगळ्या घटकांचे माप सारखे करून घेतो आणि पडदी बाजूला होते. थंडीत बाहेर आणल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे हा आवाज जास्त येतो, कारण कॅमेऱ्याचे स्वतःचे तापमान तेव्हा बदलत असते.

प्रथम एक ससा दिसला, मग शेजारच्या वस्तीवरची मांजर. उसाच्या आत मात्र काहीच दिसत नव्हते, आणि हे मी मामेभावाला पुन्हा पुन्हा सांगितले. उसाच्या पाल्याआड बसलेला बिबट्या या कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे पडद्यावर काही नाही याचा अर्थ उसात काही नाही असा कधीही घेऊ नये. खिडकीच्या काचेतूनही दिसत नाही. काच या किरणांना भिंतीसारखीच असते आणि पाहणाऱ्याला स्वतःचेच उबदार प्रतिबिंब दिसते. अंतराचाही विचार करावा लागतो. आमच्या कॅमेऱ्यात ५०० मीटरवर एका पिक्सेलमध्ये सुमारे १७ सेंटिमीटर मावतात, म्हणजे आडवा उभा असलेला बिबट्या जेमतेम सात-आठ पिक्सेलचा होतो, आणि तेवढ्यावरून तो कुत्र्यापासून वेगळा ओळखणे कठीण असते.

बारा वाजून गेल्यावर कुत्र्यांचे भुंकणे एकदम थांबले. बांधाच्या कडेने एक लांबट, जमिनीसरशी आकृती दहा-बारा पावले चालली आणि उसात शिरली. शेपूट लांब होते. मी लगेच मामांना फोन केला, ते पंपाच्या खोलीत दार लावून बसले आणि तासाभराने दोन शेजाऱ्यांबरोबर, बॅटऱ्यांच्या उजेडात, मोठ्याने बोलत परत आले. सकाळी त्यांनी ओल्या सरीतील पाऊलखुणा दाखवल्या. नखांचे ठसे नव्हते, म्हणजे कुत्रा नव्हता. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर मामांनीच फोन करून कळवले.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट दिसली. वस्तीला वीज वाटून देणाऱ्या, कोपऱ्यावरच्या डीपीकडे सहज कॅमेरा वळवला, तर तीनपैकी एका फेजच्या जोडावर पांढराशुभ्र ठिपका होता आणि बाकीचे दोन जोड करडे होते. उघडा, चकचकीत धातू आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो, त्यामुळे त्याच्यावर दाखवलेला तापमानाचा आकडा विश्वासाचा नसतो. मात्र सारख्याच तीन जोडांपैकी एकच इतका वेगळा दिसत असेल तर तो सैल असल्याची शंका घ्यायला हरकत नाही. आम्ही जवळ गेलो नाही. फोटो काढून वायरमनला पाठवला.

तिसरा दिवस : संक्रांत

येवल्याला संक्रांतीचे तीन दिवस पतंगांचे असतात. पैठणीच्या पेठांमधून वाट काढत मैत्रिणीच्या मावशींच्या गच्चीवर पोहोचलो. मांजा गुंडाळायच्या आसाऱ्या फिरत होत्या, हलकडी वाजत होती, आणि सारे गाव मान वर करून उभे होते. मावशींच्या नातवाला, वय वर्षे नऊ, पतंग थर्मलमध्ये कसा दिसतो ते पाहायचे होते. निरभ्र आकाश या कॅमेऱ्याला अतिशय थंड दिसते आणि त्यावर कागदाचा पतंगही पुसटसा उजळ दिसतो, म्हणून सूर्याला पाठ करून, त्याचे दोन्ही हात धरून मी त्याला दाखवले. पतंग कापला गेला. सगळे ओरडले आणि तोही कॅमेऱ्यासह गर्रकन दक्षिणेला, सूर्याच्या दिशेने वळला. मी लेन्ससमोर तळहात धरला.

चूक माझी होती. गच्चीवर, उन्हात, गर्दीत, लहान मुलाच्या हाती मी तो द्यायला नको होता. मुलगा रडवेला झाला, त्याला जवळ घेतले आणि तिळगूळ दिला. मग झाकण लावून कॅमेऱ्याचे माप पुन्हा जुळवले, सावलीतल्या एकसारख्या भिंतीकडे रोखून पाहिले. चित्रावर कोठेही डाग किंवा रेघ नव्हती. लेन्सवर मात्र माझ्या तळहाताचा तिळाच्या तेलाने माखलेला ठसा होता. मैत्रीण ओढणी पुढे करत होती, पण तेथे तो पुसला नाही. झाकण तसेच लावून ठेवले.

दुपारी येवला तालुक्यातीलच ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्राकडे गेलो. उन्हाने तापलेल्या माळावर थर्मल कॅमेरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण दगड, ढेकळे आणि प्राणी सारखेच उजळ दिसतात. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताच्या सुमारास प्राण्याचे आणि जमिनीचे तापमान पडद्यावर एकच होऊन जाते, अशी वेळ रोज दोनदा येते. म्हणून पेटी उघडलीच नाही. वाऱ्याबरोबर बारीक माती उडत होती, हेही कारण होतेच. डोळ्यांनी पाहिलेला सतरा काळविटांचा कळप, त्यातला गडद काळा नर आणि पिवळ्या गवतावर उतरलेले ऊन एवढे पुरेसे होते.

चौथा दिवस : कर

"करीच्या दिवशी लेकीनं घरातून निघू नये," असे मामींनी सांगितल्यामुळे एक दिवस मुक्काम वाढला, आणि लेन्स साफ करायला सवड मिळाली.

पडवीत, वारा नसलेल्या जागी, स्वच्छ टॉवेलवर कॅमेरा ठेवला. सेल आधी काढून घेतला. रबरी ब्लोअरने, लेन्स खाली झुकवून, धूळ उडवली. द्राक्षबागांच्या भागात ही पायरी कधीही टाळू नये, कारण तेथल्या धुळीत मातीबरोबर गंधकाची भुकटी आणि फवारणीचे वाळलेले कण असतात. ते लेन्सवर असताना कापड फिरवले तर आपणच त्यावरच्या पातळ लेपावर ओरखडे पाडतो. त्यानंतर लेन्स पुसण्याच्या कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन, दाब न देता, मध्यापासून बाहेर एकदाच फिरवले आणि तो कागद टाकून दुसरा घेतला. चार कागद लागले. द्रव थेट लेन्सवर ओतायचा नाही, कारण तो कडेने आत उतरतो. शर्टाचे टोक, तोंडाची वाफ, साबण, ॲसिटोन यांपैकी काहीही वापरायचे नाही. मागची, डोळा लावण्याची काच वेगळी असते, तिच्यासाठी वेगळा कागद घेतला. बागेत फवारणी चालू असेल तेव्हा कॅमेरा घराबाहेर काढूच नये.

हे चालू असताना मामेभावाने दोन सेल आणून समोर ठेवले. "ताई, हे पण यात बसतात. बाजारात स्वस्त मिळाले." वेष्टणावर ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापले होते. १८६५० मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० पर्यंतच असते, त्यामुळे तो आकडा खोटा होता हे हातात घेण्यापूर्वीच कळत होते. हातात घेतल्यावर तर शंकाच उरली नाही. आमचा सेल सत्तेचाळीस ग्रॅमचा आहे आणि हा मामींच्या वजनकाट्यावर एकतीस ग्रॅमचा भरला. एकाचे प्लास्टिकचे वेष्टण धन टोकाजवळ फाटले होते. या सेलचे पूर्ण धातूचे आवरण ऋण असते आणि धन टोक त्याच्यापासून जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर असते, म्हणून तेथले वेष्टण फाटणे ही किरकोळ गोष्ट नाही. दोन्ही सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि ते नाशिकला ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देण्यासाठी वेगळ्या डबीत ठेवले. कचऱ्यात नाही, उकिरड्यावर नाही आणि चुलीत तर मुळीच नाही, हे मामींनाही सांगितले. त्यांनी मग कपाटातून एका जुन्या फोनची फुगून उशीसारखी झालेली बॅटरी काढून दिली. ती न दाबता, न टोचता, पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवून, घराबाहेर सावलीत ठेवली.

एखादा सेल फुसफुसू लागला, त्यातून धूर किंवा गोडसर उग्र वास आला तर काय करायचे, हेही मामेभावाने विचारले. माणसांनी आधी दूर व्हायचे, धूर श्वासात घ्यायचा नाही, चार्जर लावलेला असेल तर शक्य असल्यास मुख्य बटण बंद करायचे. लहान सेल असेल तर लांबून भरपूर पाणी ओतून तो गार करत राहायचे, कारण ज्वाळा विझल्यावरही आतली उष्णता त्याला पुन्हा पेटवू शकते.

दुपारी वायरमन आले. वीज बंद करून त्यांनी डीपीवरचा जोड उघडला. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची पकड, सैल होती आणि तिच्याखालचा धातू काळवंडला होता. त्यांनी तो घासून, नवीन लग बसवून घट्ट केला आणि रात्री पंप चालू असताना पुन्हा फोटो पाठवायला सांगितले. रात्रीच्या फोटोत तिन्ही जोड सारखेच करडे होते.

पाचवा दिवस : परत

मामींनी शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पात आणि पहिल्या तोडीची द्राक्षे बांधून दिली. द्राक्षे डिकीत ठेवली आणि कॅमेरा मांडीवर.

घरी आल्यावर पेटी रिकामी करून फोमसकट रात्रभर पंख्याखाली वाळवली. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. सेल कॅमेऱ्यातून बाहेर काढले, कारण बंद कॅमेराही थोडी वीज खात राहतो आणि महिनाभराने सेल पूर्ण उतरलेला सापडतो. तिन्ही सेल पूर्ण न भरता निम्म्याच्या आसपास ठेवले. मीटरवर ३.७७, ३.७९ आणि ३.७८ व्होल्ट असे आकडे आले. पूर्ण भरलेला, म्हणजे ४.२ व्होल्टचा सेल महिनोन्महिने तसाच ठेवला तर तो लवकर म्हातारा होतो. हे सगळे वहीत लिहिले, त्याखाली येवल्याच्या गच्चीवर काय घडले तेही लिहिले आणि "लहान मुलांना कॅमेरा फक्त सावलीत, खाली बसवून" असा नवा नियम जोडला.

रविवारी पुढचा सदस्य कॅमेरा न्यायला आला. त्याला तिळगूळ दिला, वहीतील ते पान वाचायला लावले, त्याची सही घेतली आणि मग पेटी त्याच्या हातात दिली.